पिन नसलेल्या बिजागऱ्या

शाळेत सायन्सच्या पेपरला एक मार्काचा एक ठरलेला प्रश्न असायचा. 'हिंज जॉइंटची दोन उदाहरणे द्या.' आपण डोळे मिटून 'एल्बो आणि नी' लिहायचो. मराठी मीडियमवाले 'बिजागरीचा सांधा : कोपर, गुडघा' लिहायचे. मार्क सगळ्यांना मिळायचा. (मी कॉन्व्हेंटवाली. 'बिजागरी' हा शब्द मला इथे आल्यावर, लेडीज हॉस्टेलचं निखळलेलं दार बसवायला आलेल्या सुतारकाकांकडून कळला. इतका छान शब्द शाळेने आमच्यापासून का लपवून ठेवला कुणास ठाऊक!)

मग सेकंड इयरला थिअरी ऑफ मशीन्स आला, आणि तो एक मार्क मला टोचायला लागला.

तुमच्या रूमच्या दाराची बिजागरी जरा निरखून बघा. दोन पट्ट्या, आणि त्यांना ओवून ठेवणारी एक पिन. पिन आहे म्हणून दार फिरतं, आणि फक्त फिरतंच. ते वर सरकत नाही, बाजूला जात नाही, पीळ खात नाही. पिन जिथे, तिथे अक्ष. पिन उपटली की दार तुमच्या अंगावर. आता शरीरात बघा. डॉक्टर लोक ज्यांना हिंज जॉइंट म्हणतात असे सांधे आपल्याकडे भरपूर आहेत, पण पिन एकाही सांध्यात नाही. हाडाला भोक पाडून त्यातून दांडा ओवलाय असं कुठेच नाही. मग फिरण्याचा अक्ष धरून कोण ठेवतं? प्रत्येक सांध्याने याचं उत्तर वेगळं शोधलंय, आणि गुडघ्याने शोधलेलं उत्तर तर असं आहे की त्याला बिजागरी म्हणावं की नाही हाच प्रश्न पडतो.

सुरुवात कोपरापासून करू, कारण कोपर हा त्यातल्या त्यात सज्जन सांधा आहे. दंडाच्या हाडाचं (ह्युमरस) खालचं टोक रिळासारखं आहे, मधे खोलगट आणि दोन्ही कडांना उंच. त्याचं नाव ट्रॉक्लिया, म्हणजे लॅटिनमध्ये चक्क पुली. पुढच्या हातातल्या करंगळीकडच्या हाडाला (अल्ना) वरच्या टोकाला एक खाच आहे, ती फिक्स पान्याच्या जबड्यासारखी या रिळाला मिठी मारून बसते. रिळाच्या उंच कडांमुळे पान्याला बाजूला सरकता येत नाही. वर दोन्ही बाजूंनी मजबूत लिगामेंट्स ताणून बांधलेली. म्हणजे पिन नाही, पण हाडाचा आकारच पिनचं काम करतो. हात सरळ केला की अल्नाचं मागचं टोक (आपण टेबलावर टेकवतो ते टोकदार कोपर) ह्युमरसच्या मागच्या खड्ड्यात जाऊन बसतं आणि हात त्यापुढे उलटा जात नाही. दाराच्या मागे लावलेला स्टॉपर म्हणा ना! वाकवताना मात्र हाडाआधी मांसच आड येतं, त्यामुळे साधारण १४० ते १५० अंशांवर गाडी थांबते. जिमवाल्यांची थोडी आधीच.

याच कोपरात एक दुसरा भाडेकरूही राहतो. किल्ली फिरवताना तळहात उलटासुलटा होतो, ते काम बिजागरीचं नाही. अंगठ्याकडचं हाड (रेडियस) अल्नाभोवती फिरतं तेव्हा ते होतं. एकाच पिशवीत दोन सांधे, एक फक्त वाकवतो आणि एक फक्त फिरवतो. दोघं एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत, जे हॉस्टेलच्या डबल सीटर रूममध्ये सहसा जमत नाही.

आता जरा आकडेमोड. कोपर ९० अंशात वाकवून तळहातावर ५ किलो वजन धरलंय. तळहात कोपराच्या अक्षापासून ३५ सेंमीवर, पण दंडाचा स्नायू पुढच्या हाताच्या हाडाला चिकटतो तो अक्षापासून जेमतेम ४ सेंमीवर. मोमेंट घ्या : ५ गुणिले ३५ भागिले ४, म्हणजे जवळजवळ ४४ किलो. पुढच्या हाताचं स्वतःचं वजन दीडेक किलो धरलं, ते १५ सेंमीवर, की आणखी साडेपाच किलो. एकूण पन्नासेक किलोची ओढ, पाच किलोसाठी! असा लिव्हर कुणी डिझाईन प्रोजेक्टमध्ये काढला तर सर शीट परत फेकतील. पण उलट बाजूने बघा. स्नायू १ सेंमी आखडला की हात जवळजवळ ९ सेंमी हलतो. स्नायूला जोर खूप लावता येतो पण आखडता थोडंच येतं. म्हणून शरीराने जोर खर्च करून वेग विकत घेतलाय. चेंडू फेकणं, घास उचलणं, थप्पड मारणं, सगळं त्याच वेगावर चालतं.

कोपराबद्दल एक शेवटचं. हात खाली सोडून तळवे पुढे करा आणि आरशात बघा. दंड आणि पुढचा हात एका रेषेत नसतात. पुढचा हात अंगापासून थोडा बाहेर झुकलेला दिसतो, कारण ते रीळ मुळातच तिरकं बसवलंय. याला कॅरिंग अँगल म्हणतात आणि बायकांमध्ये तो सरासरीने थोडा जास्त असतो. बादली नेताना ती मांडीवर आपटत नाही ती यामुळे. नळाला पाणी नसताना तळमजल्यावरून बादल्या वाहिलेल्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

बोटांत बिजागऱ्यांची रांगच आहे. अंगठ्यात एक, बाकीच्या चार बोटांत दोन-दोन, म्हणजे एका हातात ९. पायाच्या बोटांतही तेवढ्याच. (बोट तळहाताला जिथे जोडलंय तो सांधा यात धरायचा नाही, तो डावीउजवीकडेही हलतो.) गंमत म्हणजे बोटं वाकवणारे स्नायू बोटांत नाहीतच. मोठे स्नायू कोपराखालच्या भागात आणि काही छोटे तळहातात. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवा, आत वळवळ जाणवेल. तिथून लांब दोऱ्या म्हणजे टेंडन्स मनगटातून बोटांपर्यंत येतात, सायकलच्या ब्रेक केबलसारख्या. केबल हँडलला क्लिपांनी बांधलेली नसेल तर ओढल्यावर बाहेर लोंबेल ना? तसं होऊ नये म्हणून बोटाच्या हाडांवर कड्या आहेत, त्यांतून टेंडन जातो. अनॅटॉमीच्या पुस्तकात त्या कड्यांनाही पुलीच म्हणतात. सुळके चढणारे लोक दोन बोटांवर सगळं वजन घेतात तेव्हा यातलीच एखादी कडी तुटते.

बोटं मोडायचा विषय निघतोच, तर सांगून टाकते. 'बोटं मोडू नकोस, सांधे खराब होतील' असं प्रत्येक घरात सांगतात. डोनाल्ड अंगर नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरांनी पन्नास वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं रोज मोडली आणि उजव्या हाताला हात लावला नाही! १९९८ साली त्यांनी जाहीर केलं की दोन्हीपैकी एकाही हाताला संधिवात झालेला नाही. त्याबद्दल त्यांना २००९ चं इग नोबेल मिळालं. सँपल साईझ एक आहे हे मान्य, पण चिकाटी बघा.

घोटा ही थोडी सुतारी पद्धतीची बिजागरी. नडगीचं हाड (टिबिया) आणि त्याच्या शेजारचं बारीक हाड (फिब्युला) यांची खालची टोकं दोन्ही बाजूंनी खाली उतरतात. घोट्याला आतून आणि बाहेरून लागतात ती दोन टेंगळं म्हणजे तीच. या दोघांच्या खाचेत टॅलस नावाचं हाड ठोकून बसवल्यासारखं असतं. टॅलसवर एकही स्नायू चिकटलेला नाही, शेजारची हाडं ढकलतील तसं ते बापडं फिरतं. आणि ते पाचरीसारखं आहे, पुढे रुंद आणि मागे अरुंद. आपण उकिडवे बसतो तेव्हा पाऊल वर वाकतं, रुंद भाग खाचेत शिरतो आणि सांधा गच्च होतो. चवड्यावर उभं राहिलं की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा ढिला पडतो. गॅदरिंगला हाय हील्स घालणाऱ्या समस्त मैत्रिणींनो, तुम्ही संध्याकाळभर घोटा त्याच्या सगळ्यात ढिल्या पोझिशनमध्ये ठेवून फिरत असता. पाय बहुतेक वेळा बाहेरच्या अंगावर मुरगळतो आणि बाहेरचं लिगामेंट दुखावतं. जिना भराभर उतरतानाही पाय चवड्यावरच पडतो, म्हणून तिथेही तेच.

आता गुडघा. मला खरं तर याच्याचबद्दल लिहायचं होतं.

मांडीच्या हाडाची (फीमर) खालची टोकं म्हणजे दोन गोलसर लाट्या. त्यांच्याखाली टिबियाचा माथा जवळजवळ सपाट. कोपरात रीळ आणि पाना होता, इथे मिठी नाहीच. सपाट पाटावर दोन चाकं ठेवावीत तसा प्रकार. मधे कूर्चेच्या दोन चकत्या (मेनिस्कस) आहेत, त्या चाकाखाली लावलेल्या दगडांसारखी थोडी अडण करतात, पण आकाराच्या जिवावर हा सांधा टिकणार नाही. बरं, चाक नुसतं घरंगळावं तर फीमरच्या गोलाईची लांबी टिबियाच्या माथ्यापेक्षा बरीच जास्त आहे. पूर्ण गुडघा वाकवेपर्यंत फीमर मागच्या बाजूने पाटावरून खाली पडेल! म्हणून तो घरंगळतोही आणि त्याच वेळी जागेवर घसरतोही. रोलिंग विथ स्लिपिंग. हे जर्मनीत वेबर बंधूंनी १८३६ साली माणसाच्या चालण्यावरच्या पुस्तकात मांडलं. त्यातले विल्हेल्म वेबर म्हणजे इलेक्ट्रिकलवाल्यांचे मॅग्नेटिक फ्लक्सच्या युनिटवाले वेबर. फ्लक्स मोजणाऱ्या माणसाने गुडघाही मोजला होता.

पण हे घरंगळणं आणि घसरणं नेमकं जुळवून कोण आणतं? गुडघ्याच्या पोटात दोन लिगामेंट्स एकमेकांना फुलीसारखी छेदून जातात. पुढचं एसीएल, मागचं पीसीएल. प्रत्येकाचं एक टोक फीमरला, दुसरं टिबियाला. आता कागदावर काढा. लिंक एक टिबिया, लिंक दोन एसीएल, लिंक तीन फीमर, लिंक चार पीसीएल. ओळखीचं वाटतंय? क्रॉस्ड फोर-बार मेकॅनिझम! झुप्पिंगर नावाच्या शास्त्रज्ञाने १९०४ मध्येच गुडघा असा काढून दाखवला होता. आणि फोर-बारचा इन्स्टंटेनियस सेंटर कुठे असतो? दोन्ही आडव्या लिंक्स जिथे छेदतात तिथे. गुडघा वाकत जातो तसा तो छेदबिंदू मागे सरकत जातो. म्हणजे गुडघ्यात अक्ष आहे, पण तो एका जागी नाही, प्रत्येक अंशाला नवीन ठिकाणी. ज्या बिजागरीची पिन दार उघडताना चालत जाते तिला बिजागरी म्हणायचं का? अनॅटॉमीची पुस्तकं 'मॉडिफाईड हिंज' म्हणून वेळ मारून नेतात.

शिवाय गुडघा पीळही खातो. खुर्चीवर बसा, गुडघा ९० अंशात, मांडी हाताने घट्ट धरा आणि पाऊल आत-बाहेर वळवा. नडगी फिरते. आता पाय सरळ करून तेच करा. फिरणार नाही (फिरलाच तर तो कमरेच्या सांध्यातून फिरतोय). पाय सरळ होताना शेवटच्या २०-३० अंशांत नडगी आपोआप दहाएक अंश बाहेर वळते आणि स्क्रू कसल्यासारखा सांधा लॉक होतो. मेसच्या लाईनमध्ये तासभर उभं राहता येतं ते यामुळे, मांडीच्या स्नायूंना फारसं काम पडत नाही. परत वाकवायच्या आधी गुडघ्यामागचा पॉप्लिटियस नावाचा छोटासा स्नायू हे लॉक उघडतो. पाठीमागून कुणी गुडघ्यात गुडघा मारला की आपण कोसळतो, कारण लॉक आपल्याला न विचारता उघडलेलं असतं.

हे सगळं मी वाचलं ते माझ्या रूममेटमुळे. ती आमच्या खो-खो टीममध्ये. मॅचमध्ये खांबाजवळ वळताना तिचा पाय जमिनीत रोवला गेला आणि अंग वळलं. कुणी धक्का दिला नाही, काही नाही. 'टक्' असा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. दोन तासांत गुडघा नारळाएवढा. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, हाड शाबूत, 'मुरगळलंय, क्रेप बँडेज बांधा.' तीन आठवड्यांत सूज उतरली, चालताना काही दुखेना, बाईसाहेब परत ग्राउंडवर. मग एक दिवस हॉस्टेलच्या जिन्यात वळताना गुडघा 'निसटला' आणि ती सहा पायऱ्या खाली. एमआरआयमध्ये कळलं की एसीएल पूर्ण तुटलेलं होतं, आणि आता सोबत मेनिस्कसही फाटला होता.

हे 'निसटणं' आपल्या भाषेत सांगते. प्लेन मेकॅनिझमचं सूत्र सगळ्यांना पाठ आहे : तीन गुणिले (लिंक्स उणे एक) उणे दोन गुणिले जॉइंट्स. चार लिंक्स, चार जॉइंट्स : नऊ उणे आठ, डिग्री ऑफ फ्रीडम एक. गुडघ्याला एकच हालचाल, ठरलेल्या वाटेने. आता एसीएल कापा. लिंक्स उरल्या तीन, जॉइंट्स दोन : सहा उणे चार, डिग्री ऑफ फ्रीडम दोन. एक जास्तीची फ्रीडम! नडगी मांडीखालून पुढे सरकायला मोकळी. (लिगामेंट म्हणजे कडक सळई नाही, आणि खरा गुडघा थ्री-डी आहे, हे मलाही माहीत आहे. पण सांगाडा हाच.) सरळ रस्त्यावर चालताना मांडीचे स्नायू ही उणीव झाकतात, त्यामुळे सगळं बरं झाल्यासारखं वाटतं. अचानक वळलात की स्नायूंना वेळ मिळत नाही. आणि प्रत्येक निसटण्यात मधली चकती भरडली जाते. ती चकती तरुणपणी गेली की पुढे संधिवाताचा धोका वाढतो.

तेव्हा स्पोर्ट्सवाल्यांनो, हे कापून नोटीस बोर्डाला लावा : खेळताना 'टक्' आवाज आला आणि काही तासांत गुडघा फुगला, तर एक्स-रे नॉर्मल आहे म्हणून गप्प बसू नका. लिगामेंट एक्स-रेमध्ये दिसतच नाही. हाडांच्या डॉक्टरांकडे जा. ते गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून बघतात, म्हणजे ती जास्तीची फ्रीडम हातानेच तपासतात. तेल लावून मालिश तर मुळीच नको. आणि मुलींनी विशेष लक्ष द्यावं. फुटबॉल-बास्केटबॉलसारख्या खेळांत एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून जास्त आढळलंय. उडीनंतर गुडघे आत न वळवता, वाकवून उतरायचं शिकवलं तर ते कमीही करता येतं.

तिचं ऑपरेशन झालं. मांडीच्या मागच्या स्नायूचा टेंडन काढून त्याची नवी लिंक बनवली. डॉक्टरांना तिने विचारलं, सगळ्यात अवघड काय असतं? ते म्हणाले, हाडात भोक कुठे पाडायचं ते. पिव्होट काही मिलिमीटर चुकला तर फोर-बार बदलतो, आणि नवं लिगामेंट वाकवताना तरी ताणतं नाहीतर सरळ करताना तरी. खो-खोला अजून बरेच महिने आहेत. सध्या ती कॉटवर पाय पसरून माझ्या टीओएमच्या शीट्स चेक करते.

गुडघा म्हणजे साधी बिजागरी, असं समजल्याची किंमत इंजिनिअरिंगच्या इतिहासानेही मोजलीय. बर्लिनच्या थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी १८९० साली क्षयाने खराब झालेल्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसवली होती. ती जंतुसंसर्गामुळे टिकली नाही. १९५० च्या दशकात स्वीडनच्या वॉल्डियस यांनी आधी ॲक्रिलिकची, मग धातूची बिजागरी आणली. दुखणं थांबायचं, माणूस चालायचा. पण पक्की पिन पीळ खाऊ देत नाही. मग चालताना येणारा पीळ जायचा कुठे? बिजागरीची दांडी जिथे हाडात रोवलीय तिथे. काही वर्षांत अशा बिजागऱ्या हाडातून सैल व्हायला लागल्या. १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या राइटिंग्टनला फ्रँक गन्स्टन यांनी पिनच काढून टाकली. फीमरला धातूचे गोल तुकडे, टिबियाला प्लॅस्टिकच्या पन्हळी, आणि अक्ष सांभाळायचं काम रुग्णाच्या स्वतःच्या लिगामेंट्सकडे. हे गन्स्टन आधी इंजिनिअर आणि मग डॉक्टर! आज आपल्या आजी-आजोबांचे जे गुडघे बदलतात ते बहुतेक याच बिनपिनेच्या घराण्यातले. पिनवाल्या बिजागऱ्या आता लिगामेंट्स पारच गेलेली असतील तेव्हा वापरतात, आणि त्यांतही पीळ खायची सोय ठेवलेली असते.

गुडघ्याच्या वरून पाय कापावा लागलेल्यांच्या कृत्रिम पायातही हीच गोष्ट घडली. स्वस्त पायांत एकच पिन असलेला गुडघा असायचा. ओबडधोबड रस्त्यावर भार पडला की तो अचानक दुमडायचा आणि माणूस तोंडघशी. फोर-बारचे चांगले गुडघे होते, पण किंमत हजारो डॉलर्स. जयपूर फूट बसवणाऱ्या जयपूरच्या संस्थेसाठी २००८ च्या सुमारास स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न कोर्सचा प्रोजेक्ट म्हणून घेतला. आपल्यासारखेच विद्यार्थी, तशीच कोर्सची डेडलाईन. त्यांनी तेल मुरवलेल्या नायलॉनचा फोर-बार गुडघा केला. तेल मटेरियलमध्येच असल्यामुळे वंगणाची कटकट नाही. भार पडतो तेव्हा इन्स्टंटेनियस सेंटर भाराच्या रेषेच्या मागे राहतो, म्हणून गुडघा दुमडत नाही. पाऊल उचललं की मोकळा वाकतो. मोजकेच प्लॅस्टिकचे भाग आणि नट-बोल्ट, खर्च साधारण २० डॉलर्स. 'टाइम' मासिकाने २००९ च्या सर्वोत्तम शोधांच्या यादीत त्याला घेतलं, आणि पुढे हजारो लोक या गुडघ्यावर चालले.